टाचणीची दोन भोकं

शरच्चंद्र गायधनी यांनी अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात ब्लॅकचं तिकीट कधी घेतलं नव्हतं. तरुणपणी सिनेमाची खिडकी बंद झाली की मित्र कुणातरी गॉगलवाल्यामागे धावायचे आणि हे मुकाट्यानं घरी येऊन पुस्तक उघडायचे. त्यामुळे द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाखाली, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या टपरीसमोर उभं राहून त्यांनी तिसऱ्यांदा घसा साफ केला, तेव्हा टपरीवाल्यालाच त्यांची दया आली.

"काका, काच बसवायचीय का मोबाइलला?"

"नाही. ते... बास्केटबॉलचं..."

"तिकीट!" टपरीवाला सनी एवढ्या मोठ्यानं म्हणाला की शरच्चंद्ररावांनी दचकून मागं पाहिलं.

"जरा हळू बोला हो."

"काका, तिकीट घ्यायला आलाय, गांजा नाही. किती पाहिजेत?"

"दोन."

"पाचशेला एक. फिक्स."

"त्याच्यावर पन्नास छापलंय."

"मग छापणाऱ्याकडनं घ्या ना," सनी हसत म्हणाला. "रविवारची फायनल आहे मुलींची. खिडकीवर तासाभरात संपली. आज पाचशे आहे, रविवारी गेटवर हजार असेल. नात खेळते की काय?"

शरच्चंद्ररावांनी होकारार्थी मान हलवली. नात खेळत होती. इरा. कॉलेजच्या संघाची कप्तान. तिचे आईवडील नोकरीपायी पुण्यात आणि ती आजोबांकडे राहून शिकणारी. खरं तर खेळाडूंच्या घरच्यांना तिकीट विकत घ्यावंच लागत नसे. अंतिम सामन्यातल्या चोवीस मुलींना घरच्यांसाठी प्रत्येकी दोन तिकिटं फुकट मिळत, ही जुनी पद्धत. यंदा मात्र कप्तानांच्या बैठकीत स्पर्धा समितीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं होतं की प्रायोजकांनी जागा मागितल्यामुळे घरच्यांची तिकिटं रद्द. इरा त्या दिवशी जेवली नव्हती. मग कुणीतरी मोबाइलवर या टपरीचा पत्ता पाठवला आणि ती म्हणाली, "आबा, दोन मिळाली तर बघा. एक तुम्हाला, एक आमच्या संघातल्या निकिताच्या आईला. ती सिन्नरहून जीपनं येणार आहे, तिला इथलं काही माहीत नाही."

सनीनं ड्रॉवरमधून तिकिटांचा गठ्ठा काढला आणि दोन पुढे केली. शरच्चंद्ररावांनी ती घेतली, आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांचा अंगठा कागदावरून फिरला.

तिकिटावर नारिंगी चेंडू छापला होता. चेंडूच्या मधोमध एक बारीक भोक होतं. ते असायलाच हवं होतं. पण चेंडूखालच्या जाळीतही एक भोक होतं.

त्यांनी दुसऱ्या तिकिटावर अंगठा फिरवला. तिथंही दोन.

"काय बघताय काका? ओरिजिनल आहे. फाडून दाखवू?"

"नको, नको. ते बाकीचे जरा बघू का?"

"आंबे निवडताय का?" सनी वैतागला, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यानं गठ्ठा पुढे सरकवला. शरच्चंद्ररावांनी डोळे मिटून एकेक तिकीट चाचपलं. सगळ्यांवर दोन. एका भोकाचं एकही नाही.

ही भोकं त्यांनीच पाडली होती.

शरच्चंद्रराव इराच्याच कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. प्रत्येक ग्रंथालयाचं एक गुप्त पान असतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का असतोच, पण चोर ते पान फाडतो. म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारायचा आणि ते पान कुणाला सांगायचं नाही. त्यांचं पान सदतीसावं. गेल्या वर्षी अंतिम सामन्याच्या तिकिटांच्या रंगीत झेरॉक्स निघाल्या आणि कॉलेजच्या साडेतीनशे जागांच्या गॅलरीत पाचशे माणसं घुसली, तेव्हा खेळ शिकवणाऱ्या हर्षाली मॅडमना या गुप्त पानाची आठवण झाली. त्या एके काळी शरच्चंद्ररावांच्या वाचनालयात बसून अभ्यास करणारी मुलगी. यंदा तिकिटं छापून आल्यावर त्या गठ्ठे घेऊन घरी आल्या. "सर, तिकिटांना गुप्त पान करता येईल का?" झेरॉक्समध्ये टाचणीचं भोक उतरत नाही, हे शरच्चंद्ररावांना सुचलं. सगळ्या तिकिटांना चेंडूत एक. आणि घरच्यांच्या अठ्ठेचाळीस तिकिटांना जाळीत आणखी एक, कारण ती वेगळी ओळखता यावीत आणि वेगळी छापायला पैसे नव्हते. दोन दिवस ते टाचणी घेऊन बसले होते. त्यांना आणि हर्षाली मॅडमना सोडून ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती.

ती अठ्ठेचाळीस तिकिटं पाकिटात घालून मॅडमनी एकाच माणसाच्या हातात दिली होती. अध्यक्षांच्या.

"ही तिकिटं कुणी दिली तुम्हाला?" शरच्चंद्ररावांनी विचारलं.

"वरून आली," सनी आकाशाकडे बोट दाखवत म्हणाला. "घ्या लवकर, मागं गिऱ्हाईक आहे."

"नाही म्हणजे, आणखी लागली तर..."

"तर रविवारी गेटवर या. शेखरदादा उरलेली स्वतः घेऊन येणारेत. हां, पण हे तुम्ही ऐकलं नाही."

शरच्चंद्ररावांनी ते चांगलंच ऐकलं होतं. सिटी बसमध्ये बसल्यावर त्यांनी विकत घेतलेल्या दोन्ही तिकिटांवरून पुन्हा अंगठा फिरवला. कित्येक वर्षांत न वाटलेलं काहीतरी वाटत होतं. बऱ्याच वेळानं त्यांना त्याचं नाव सापडलं. आनंद.

शेखर थेटे. कॉलेजच्या व्यवस्थापनातला माणूस, यंदाच्या स्पर्धा समितीचा अध्यक्ष, पांढराशुभ्र शर्ट, काखेत कायम काळी चामड्याची बॅग. आठ वर्षांपूर्वी तो ग्रंथालय समितीचाही अध्यक्ष होता. शरच्चंद्ररावांच्या निवृत्तीआधी पुस्तकांची मोजणी झाली आणि एकसष्ट पुस्तकं कमी भरली. ती वाळवीनं खाल्लेली पुस्तकं होती. ती रद्द करायची यादी शरच्चंद्ररावांनी वर्षभर आधी करून दिली होती आणि त्या यादीवर शेखरचीच सही होती. पण शेखर सही करताना कधी वाचत नसे. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवायचा, फोनवर बोलत बोलत लपेटदार सही ठोकायची आणि विसरून जायचं. यादी कार्यालयात कुठंतरी हरवली. शेखर भर स्टाफरूममध्ये म्हणाला, "काय गायधनी सर, पुस्तकांना पाय फुटले का?" सगळे हसले. योग्य उत्तर त्यांना त्या रात्री सुचलं, पण तेव्हा उत्तराचा उपयोग नव्हता.

निरोप समारंभ झाला नाही. शाल नाही, नारळ नाही, दोन शब्द नाहीत. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते फाटकातून निघाले तेव्हा वॉचमन वाल्मीकनं त्यांना अडवलं. तो खाली बघत म्हणाला, "सर, पिशवी दाखवा. थेटेदादांनी सांगितलंय." सुटलेल्या वर्गांची पोरं भोवती उभी होती. वाल्मीकनं कापडी पिशवीतली एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. डबा. चष्म्याचं घर. छत्री. अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा. पुस्तक नव्हतं. त्या दिवसापासून त्या फाटकासमोरून जावं लागू नये म्हणून शरच्चंद्रराव एक स्टॉप आधी उतरत. इराला रोज त्याच फाटकातून जाताना याची कल्पनाही नव्हती.

आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. चौकशी नको, माफी नको. त्याच फाटकात, त्याच टेबलावर, लोकांसमोर शेखर थेटेची बॅग उघडली जायला हवी होती. बस.

हर्षाली मॅडम ऐकून पांढऱ्या पडल्या. "सर, मी तासिकेवर आहे हो. दर वर्षी नव्यानं नेमतात मला. मी अध्यक्षांवर कसं बोलू?"

"तुम्ही काही बोलू नका," शरच्चंद्रराव म्हणाले. "गेटवर तिकीट तपासायला माणूस लागेल ना? मला बसवा. आणि प्रेक्षकांसाठी नियम लावावे लागतील. ते मी लिहून देतो. मराठी जरा बरी आहे माझी."

"तेवढं चालेल."

ते नियम त्यांनी चार वेळा लिहिले. इतकं जपून त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. पहिला नियम बुटांचा, दुसरा तंबाखू-गुटख्याचा, तिसरा शिट्ट्या आणि पिपाण्यांचा. चौथा असा: 'प्रत्येकाने आपली पिशवी, बॅग अथवा पर्स प्रवेशद्वारावर उघडून दाखवावी. पदाधिकारी, पाहुणे व प्राध्यापक यांचाही यास अपवाद नाही.' पाचवा पुन्हा साधाच, पाण्याच्या बाटल्यांचा. खाली मधोमध: अध्यक्ष, स्पर्धा समिती.

शुक्रवारी हर्षाली मॅडमनी तो कागद शेखरपुढे धरला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सर, सही झाली. बॉनेटवर. फोनवर कुणाला तरी जेवणाचं सांगत होते, वाचलंसुद्धा नाही."

फोन ठेवल्यावर शरच्चंद्ररावांना शंकांनी घेरलं. शेखर बॅग गाडीतच ठेवून आला तर? तिकिटं खिशात घालून आणली तर? आपणच एखादा गठ्ठा चुकून दोनदा टोचला असेल तर? वय झालंय, हात कापतो, मोजताना मन भरकटतं. आणि शेवटची शंका सगळ्यांत वाईट. अडुसष्टाव्या वर्षी एका माणसाची बॅग उघडायची म्हणून एवढा खटाटोप करणारा म्हातारा चांगला माणूस म्हणायचा का? त्यांनी कपाटातून दोन-तीन पुस्तकं काढली. एकातही त्यांना पाहिजे ते उत्तर मिळालं नाही. मग त्यांनी पुस्तकं ठेवून दिली आणि पिशवीत डबा, चष्म्याचं घर, छत्री आणि टाचणी भरली.

रविवारी तीन वाजता ते आठ वर्षांनी त्या फाटकात उभे राहिले. वाल्मीकनं त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"सर, त्या दिवसाचं..." तो पुटपुटला. "माझं लय चुकलं."

"तुझं नाही चुकलं वाल्मीक. तुला सांगितलं होतं. आज तुला हे सांगितलंय." त्यांनी फळ्यावर लावलेल्या नियमांकडे बोट केलं. "चौथा वाच."

वाल्मीकनं ओठ हलवत चौथा वाचला. मग खालची सही पाहिली. मग पुन्हा चौथा वाचला. हळूहळू त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"सगळ्यांची बघायची?"

"सगळ्यांची."

लोक येऊ लागले. शरच्चंद्रराव अंगठा फिरवत. एक भोक, जा आत. एक भोक, जा आत. पहिली दोन भोकं आली ती एका जोडप्याच्या हातात. नवरा परफ्यूम मारून आलेला, बायकोच्या डोक्यावर गॉगल.

"हे घरच्यांचं तिकीट आहे. आपण कोणत्या खेळाडूचे?"

"खेळाडूचे म्हणजे? पाचशे मोजलेत मी!"

"कुणाला?"

"ते तुम्हाला कशाला पाहिजे?"

"मग जरा कडेला उभे राहा. अध्यक्ष आले की खुलासा होईल."

साडेतीनपर्यंत कडेला पंचवीसेक माणसं जमली आणि तावातावानं बोलू लागली. फाटकाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक घोळका होता, गप्प. मनमाडहून आलेला कुणाचा तरी बाप, सटाण्याकडचे दोघं, आणि सिन्नरहून आलेली निकिताची आई, बयाबाई. तिकीट नसताना ही माणसं आली होती, दारातून तरी दिसेल म्हणून. बयाबाईला शरच्चंद्ररावांनी तिचं तिकीट दिलं होतं, पण ती एकटी आत जायला तयार नव्हती.

"ह्या समद्यांस्नी सोडून मी कशी बसू, दादा? त्यांच्या बी पोरी हायेत ना आत?"

"थांबा थोडं," शरच्चंद्रराव म्हणाले. "सगळ्यांचीच सोय होईल बहुतेक." बहुतेक हा शब्द त्यांना टाळता आला नाही.

पावणेचारला पांढरी गाडी आली. आधी उतरल्या त्या प्रमुख पाहुण्या, इंदिराताई टिळे. एके काळी राज्याकडून खेळलेल्या, आता सत्तरीच्या, पण पाठ ताठ. मागून शेखर. पांढरा शर्ट. आणि काखेत काळी बॅग.

शरच्चंद्ररावांनी हातातलं तिकीट टेबलावर ठेवलं.

"काय रे वाल्मीक, कसली गर्दी?" शेखर म्हणाला आणि मग त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. "अरे वा, गायधनी सर! अजून आहात का?"

"आहे."

"बॅग दाखवा, ताई," वाल्मीक इंदिराताईंना नम्रपणे म्हणाला.

"ए, वेडा झालास का? पाहुण्या आहेत त्या!" शेखर ओरडला.

इंदिराताईंनी फळ्यावरचे नियम चष्मा वर करून वाचले. "अपवाद नाही म्हटलंय की इथं. आणि सही तुमचीच आहे, थेटे. छान. खेळात अशी शिस्त हवीच." त्यांनी आपली पर्स उघडून टेबलावर ठेवली. औषधाची पाकिटं, रुमाल, एक जुनी शिट्टी. "शिट्टी चालेल ना? तिसरा नियम आहे. नाहीतर ठेवून जाते."

लोक हसले. वाल्मीकनं पर्स परत दिली आणि शेखरसमोर हात पुढे केला.

"दादा, बॅग."

"माझी?"

"चौथा नियम," शरच्चंद्रराव म्हणाले.

"सर, ही कसली थट्टा आहे? चल, बाजूला हो रे."

पण वाल्मीक बाजूला झाला नाही. इंदिराताईही पुढे गेल्या नाहीत. त्या थांबून बघत होत्या. कडेची पंचवीस माणसं जवळ सरकली. शेखरनं एकदा गाडीकडे पाहिलं. गाडी पार्किंगला निघून गेली होती.

वाल्मीकनं बॅग घेतली आणि उघडली. घाई केली नाही. त्या दिवशी काढल्या तशाच त्यानं एकेक वस्तू काढून टेबलावर मांडल्या. फोनचा चार्जर. कंगवा. सुपारीची डबी. अत्तराची छोटी बाटली. लग्नाच्या दोन पत्रिका. आणि एक जाड पाकीट. त्यावर हर्षाली मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'खेळाडूंचे कुटुंबीय.'

पाकिटातून तिकिटं बाहेर आली. शरच्चंद्ररावांनी सगळ्यात वरचं उचललं, अंगठा फिरवला आणि सूर्याकडे धरलं. चेंडूतून आणि जाळीतून उजेडाचे दोन बारीक ठिपके आले. इंदिराताईंनाही दिसले. कडेच्या परफ्यूमवाल्यानं आपलं तिकीट वर धरलं. त्यालाही दोन.

"हे कसं आलं माझ्या बॅगेत, मला माहीत नाही," शेखर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

हाच तो क्षण. आठ वर्षं शेखरचं स्टाफरूममधलं वाक्य शरच्चंद्ररावांच्या मनात घोळत होतं, अंघोळ करताना, बसमध्ये, पुस्तक वाचता वाचता. त्यांनी तोंड उघडलं आणि वाक्य एवढंसं बाहेर पडलं की त्यांनाच नीट ऐकू आलं नाही.

"काय?" शेखरनं विचारलं.

शरच्चंद्रराव उभे राहिले. खुर्ची मागं पडली.

"मी विचारलं, थेटे, तिकिटांना पाय फुटले का?"

आधी वाल्मीक हसला. त्यानं हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि मग सगळेच हसले. "आमचे पाचशे परत द्या!" परफ्यूमवाला ओरडला आणि पंचवीस माणसांनी शेखरला वेढा घातला. इंदिराताई थंडपणे म्हणाल्या, "थेटे, तुम्ही यांचं आधी मिटवा. सामना आम्ही बघतो. उद्या प्राचार्यांशी मी बोलेन."

बयाबाई टेबलापाशी आली. "हे आमचे पास व्हते व्हय? आन् ह्यो बाबा इकत व्हता?" तिनं शेखरकडे असं पाहिलं की त्यानं नजर वळवली. शरच्चंद्ररावांनी घरच्या माणसांना एकेक तिकीट हातात दिलं, पुस्तक देत तसं, नाव विचारून.

ते आत पोहोचले तेव्हा सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. पहिल्या रांगेत मधोमध एक मऊ गादीची खुर्ची होती, 'अध्यक्ष' अशी चिठ्ठी लावलेली. ती रिकामी होती. बाहेरून अधूनमधून आरडाओरडा ऐकू येई आणि त्यात एक ओळखीचा आवाज विनवण्या करत असे. शरच्चंद्ररावांनी त्या खुर्चीवर नजर लावली. गॅलरी उठे, बसे, ओरडे. बयाबाई त्यांच्या दंडाला धरून हलवी, "दादा, तुमची पोरगी बघा की!" ते मान डोलावत आणि खुर्चीकडे बघत राहत. इतकं सुंदर त्यांनी बऱ्याच दिवसांत काही पाहिलं नव्हतं.

इराचा संघ तीन गुणांनी जिंकला. घामानं भिजलेली इरा धावत आली.

"आबा! शेवटची बास्केट! मधल्या रेषेपासून! बघितलीत ना?"

शरच्चंद्ररावांना खोटं बोलता येत नसे.

"नाही गं. मी दुसरीकडे बघत होतो."

इराचा चेहरा उतरला. "कुठं?"

"त्या खुर्चीकडे."

तिनं खुर्चीकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली, मग आजोबांकडे पाहिलं. तिला काही कळलं नाही. "हजार रुपये दिलेत आबा त्या तिकिटांना," ती दुखावून म्हणाली, "आणि रिकामी खुर्ची बघितलीत?"

"घरी चल. सांगतो सगळं. आणि ती बास्केट मला करून दाखव. गच्चीवर." आपण तिचं काहीतरी घेतलं हे त्यांना कळत होतं. त्याचं वाईटही वाटत होतं. पण बाहेरच्या गोष्टीचं वाईट वाटतं का, असं त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, तेव्हा उत्तर लगेच आलं. नाही. जराही नाही.

फाटकापाशी गर्दी पांगली होती. शेखर दिसत नव्हता. काळी बॅग मात्र टेबलाखाली तशीच उघडी पडून होती, ती न्यायलाही तो थांबला नव्हता. शरच्चंद्ररावांनी आपली कापडी पिशवी टेबलावर ठेवली.

"राहू द्या ना सर," वाल्मीक म्हणाला.

"नाही. बघ."

वाल्मीकनं पिशवी उघडली. डबा. चष्म्याचं घर. छत्री. तळाशी एक टाचणी.

"ही कशाला आणली, सर?"

शरच्चंद्ररावांनी टाचणी घेऊन शर्टाच्या कॉलरमागं खोचली, वाल्मीकला नमस्कार केला आणि इराचा हात धरून, एक स्टॉप आधी नव्हे, अगदी फाटकासमोरच्याच थांब्यावर बसची वाट बघत उभे राहिले.